सर्व्हर पडल्यावर पत्ता कोण बदलणार?

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आता आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, परीक्षेच्या फॉर्मच्या खिडकीवर ते ऐकले की माणूस मुकाट्याने मागे वळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. सातबारा उद्या मिळाला तरी बहुतेक वेळा चालते. पासबुक उद्या भरले म्हणून खात्यातले पैसे कुठे जात नाहीत. पण मंडळी, काही कामे उद्यावर ढकलता येत नाहीत. दुधाचे काम त्यातलेच.

भीमेच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. दोन्हीकडे ऊस आहे आणि दोन्हीकडे गोठे आहेत. या दोन तालुक्यांतल्या काही दूध संकलन केंद्रांच्या संगणकाचे काम मी बघतो. काम तसे साधे. सकाळी सहाच्या सुमारास शेतकरी कॅन घेऊन येतो. दूध काट्यावर जाते, त्यातले थोडे तपासणीच्या यंत्रात जाते, यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगते. हे आकडे केंद्रातल्या संगणकावरून मुख्य सर्व्हरकडे जातात, तिथे दरपत्रकाशी ताडून भाव ठरतो आणि दोन-तीन सेकंदांत पावती हातात पडते. दहा दिवसांनी या पावत्यांची बेरीज होऊन बिल खात्यावर जमा होते. पुष्कळ घरांत किराणा, शाळेची फी, पेंडीची उधारी हे सगळे त्या दहा दिवसांच्या बिलावर चालते. २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले, तेव्हा तर नोंद हीच मोठी गोष्ट होऊन बसली. गायीच्या कानातल्या टॅगपासून बँक खात्यापर्यंतची माहिती जुळली तरच पैसे मिळायचे.

आता सकाळी साडेसहाला सर्व्हर गप्प झाला तर काय होते? रांग थांबते. केंद्रचालक वही काढतो. घाईत लिहिलेला आकडा कुणाला पटतो, कुणाला पटत नाही. ‘काल माझी फॅट चार होती, आज साडेतीन कशी?’ यावरून वाद सुरू होतो. तिकडे दूध लवकरात लवकर चार अंशांपर्यंत थंड व्हायला हवे, ते उन्हाळ्याच्या सकाळी कॅनमध्येच उभे असते. टँकरवाल्याला पुढची गावे घ्यायची असतात. अर्ध्या तासाच्या ‘डाउन’मध्ये दूध नासत नाही, पण माणसे नासतात, असे आमचे एक केंद्रचालक म्हणतात. तेव्हा एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलायचे, तेही कुणी फोन करून सांगण्याच्या आत, ही व्यवस्था कशी लावतात ते आज सांगणार आहे. इंग्रजीत तिला फेलओव्हर म्हणतात.

आधी सर्व्हर असतो कुठे ते पाहू. हल्ली तो ‘क्लाउड’वर असतो. नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठी इमारत, तिच्यात हजारो संगणक, स्वतंत्र वीजजोडण्या, जनरेटर, आणि त्यातली थोडी जागा आपण तासाच्या भाड्याने घेतलेली. मायक्रोसॉफ्टने भारतातली अशी केंद्रे २०१५ मध्ये सुरू केली. त्यांतले एक पुण्यातच आहे. ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र २०१६ चे आणि हैदराबादचे २०२२ चे. आमचा मुख्य सर्व्हर मुंबईत आहे आणि राखीव हैदराबादेत. ‘दोन्ही मुंबईतच ठेवले असते तर स्वस्त पडले नसते का?’ असे मला विचारतात. पडले असते. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मी विसरू शकत नाही. राखीव वस्तू मुख्य वस्तूपासून लांब ठेवायची असते. घराची दुसरी किल्ली त्याच जुडग्यात अडकवून कुणी ठेवत नाही.

आता केंद्रातल्या संगणकाला कळणार कसे, की मुंबई सोडून हैदराबादला जायचे? इथे डीएनएस येते. इंटरनेटवर प्रत्येक संगणकाची ओळख एका आकड्याने होते. टेलिफोन नंबरासारखाच तो आकडा. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. सत्तरच्या दशकात अमेरिकेत अशा नावांची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती ठेवलेली असे आणि बाकीचे सगळे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी ती वाटून टाकण्याची पद्धत मांडली. तीच आजची डीएनएस.

तिचे तत्त्व आपल्या टपालाच्या पत्त्यासारखे आहे. समजा आमच्या सर्व्हरचे नाव ‘नोंद.अमुक.इन’ आहे. हे नाव उजवीकडून वाचायचे. पोस्टात जसे आधी जिल्हा बघतात, मग तालुका, मग गाव, मग घर, तसेच. ‘इन’ कुणाकडे आहे ते वरच्या पातळीवर विचारायचे. ‘इन’वाल्याला ‘अमुक’ कुणाकडे ते विचारायचे, आणि ‘अमुक’वाल्याला ‘नोंद’चा आकडा विचारायचा. (२०१४ पासून ‘.भारत’ असे देवनागरी नावही घेता येते, हे जाता जाता सांगतो. फार थोड्यांनी घेतले, याचे मला वाईट वाटते.) ही सगळी विचारपूस केंद्रातला संगणक स्वतः करत नाही. ज्या कंपनीचे इंटरनेट आहे तिचा एक चौकशी सर्व्हर ती करतो आणि मिळालेले उत्तर काही वेळ स्वतःच्या लक्षात ठेवतो.

फेलओव्हरची युक्ती इतकीच आहे. नाव एकच ठेवायचे आणि त्यापुढे दोन आकडे लिहून ठेवायचे, पहिला मुंबईचा आणि दुसरा हैदराबादचा. मुंबई धडधाकट आहे तोवर विचारणाऱ्याला मुंबईचा आकडा द्यायचा. मुंबई आजारी पडली की हैदराबादचा द्यायचा. केंद्रावर कुणाला काही बदलावे लागत नाही. ऐकायला हे अगदी सोपे वाटते, आणि डीएनएसची सेवा विकणाऱ्यांच्या जाहिरातीतही ते एवढेच असते. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, ‘काही वेळ लक्षात ठेवतो’ म्हणजे किती वेळ? दुसरी, ‘मुंबई आजारी पडली’ हे ठरवायचे कुणी?

पहिलीसाठी एसटी स्टँडचे उदाहरण घेऊ. शिरूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तुम्ही विचारले, की चौफुल्याकडे जाणारी गाडी कुठे लागेल. उत्तर आले, ‘चार नंबरला.’ तुम्ही पिशवी घेऊन चार नंबरजवळ जाऊन बसलात. दहा मिनिटांनी ठरले की गाडी सहा नंबरला लागणार. आता खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ‘सहा’ हे बरोबर उत्तर मिळते, पण तुम्ही चारजवळ बसूनच आहात. खिडकीचे चुकले नाही आणि तुमचेही चुकले नाही. तुम्हाला कुणी सांगितले नव्हते, की हे उत्तर इतकाच वेळ खरे आहे, नंतर पुन्हा विचारा.

डीएनएसमध्ये ते सांगायची सोय आहे. प्रत्येक उत्तराबरोबर सेकंदांचा एक आकडा जातो. त्याला टीटीएल म्हणतात. तेवढा वेळ संपला की लक्षात ठेवलेले उत्तर टाकून द्यायचे आणि पुन्हा विचारायचे. पुष्कळ ठिकाणी हा आकडा ८६४०० असतो, म्हणजे पूर्ण एक दिवस. जेव्हा सर्व्हर वर्षानुवर्षे एका जागी असत तेव्हा ते योग्यच होते. फेलओव्हर लावायचा आणि टीटीएल एक दिवसाचा ठेवायचा, तर सकाळी सहाला बदललेला पत्ता एखाद्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोचेल. आम्ही तो ६० सेकंदांवर ठेवला आहे. विचारणा वाढतात, महिन्याचे बिल किंचित वाढते, त्याला इलाज नाही. याहून खाली जाऊन उपयोग नसतो, कारण काही चौकशी सर्व्हर फार लहान आकडा मानतच नाहीत.

इथे एक खाचखळगा आहे, तो अनुभवाशिवाय दिसत नाही. चौकशी सर्व्हरने नियम पाळला तरी केंद्रातला प्रोग्राम पाळेलच असे नाही. काही प्रोग्राम सकाळी सुरू झाले की एकदाच पत्ता विचारतात आणि संगणक बंद होईपर्यंत तोच धरून बसतात. आमच्या केंद्रांवरचा प्रोग्राम आम्ही मुद्दाम तसा तपासून घेतला. आता जोडणी तुटली की तो आधी पत्ता पुन्हा विचारतो आणि मगच नवी जोडणी करतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. सर्व्हर मेला हे ठरवायचे कसे? यासाठी जी तपासणी लावतात तिला हेल्थ चेक म्हणतात. बाहेरचा एक संगणक ठरावीक वेळाने आपल्या सर्व्हरला हाक मारतो आणि ‘ओ’ आली का ते बघतो. सगळी गोम आहे ती हाकेच्या शब्दांत. काय विचारायचे?

दौंड हे रेल्वेचे गाव. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना ‘लाइन क्लिअर’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एका स्टेशनाचा मास्तर पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही. तो काय विचारतो ते पाहा. ‘जागे आहात का?’ असे तो विचारत नाही. दोन स्टेशनांमधला रुळ मोकळा आहे का आणि गाडी घ्यायला तुम्ही तयार आहात का, हे तो विचारतो. पुढचा मास्तर जागा आहे, फोनवर छान बोलतो आहे, पण रुळावर मालगाडी उभी आहे, अशा ‘जागा आहे’चा काय उपयोग?

सर्व्हरच्या बाबतीत नेमका हाच घोळ होतो. आमच्याकडे काम येण्यापूर्वी एका बाहेरच्या कंत्राटदाराने जी तपासणी लावली होती ती फक्त ‘जागे आहात का’ एवढेच विचारत होती. एके सकाळी सर्व्हरवरची नोंदी ठेवायची डिस्क भरली. संगणक चालू होता, हाकेला ओ देत होता, पण एकही नोंद लिहून घेत नव्हता. न्हावऱ्यापासून केडगावपर्यंत केंद्रांवर पावत्या अडकल्या होत्या आणि तपासणीच्या पडद्यावर हिरवा दिवा जळत होता. राखीव सर्व्हर होता, पण त्याला कुणी बोलावलेच नाही, कारण दिवा हिरवा होता.

म्हणून आम्ही विचारायचा प्रश्न बदलला. सर्व्हरवरच एक छोटा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी खोट्या केंद्राच्या नावाने एक नोंद लिहितो, ती परत वाचतो, आजचा दर काढतो आणि सगळे जमले तर एका पानावर ‘सर्व ठीक’ असे लिहितो. बाहेरची तपासणी ते पान उघडते आणि हे शब्द आहेत का ते बघते. शब्द नसतील तर सर्व्हर आजारी. लिहिण्या-वाचण्याचे काम आतल्या प्रोग्रामवर सोपवायलाही कारण आहे. आम्ही ॲमेझॉनची ‘रूट ५३’ ही सेवा वापरतो. तिची तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी चालते. प्रत्येक ठिकाण तीस सेकंदांनी हाक मारत असले तरी सगळ्यांच्या मिळून दर दोन-तीन सेकंदांना एक हाक येते. प्रत्येक हाकेला नोंद लिहायची म्हटले तर सर्व्हर तपासणी देण्यातच दमेल. आता हाकेला फक्त तयार पान दाखवायचे.

या पानावर काय तपासू नये, हेही महत्त्वाचे आहे. आम्ही शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो. ती सेवा दुसऱ्या कंपनीची आहे. तिची तपासणी या पानात घातली तर तिचे यंत्र बंद पडल्यावर आपला चांगला चालणारा मुंबईचा सर्व्हर ‘आजारी’ ठरेल, आणि हैदराबादला जाऊनही एसएमएस जाणारच नाही. जागा बदलून जे दुरुस्त होते तेवढेच इथे तपासायचे. बाकीच्यासाठी वेगळा निरोप माणसाच्या फोनवर यावा.

एकदा हाक चुकली म्हणून लगेच निर्णय घेत नाहीत. रस्त्यात कुठे तरी जेसीबीने केबल तोडली, दोन सेकंद गडबड झाली, असे रोज होते. सहसा लागोपाठ तीन हाका चुकल्या तर एक तपासनीस ‘आजारी’ म्हणतो. आता हिशेब करू. तीस-तीस सेकंदांच्या तीन हाका म्हणजे ९० सेकंद, त्यात टीटीएलचे ६०. एकूण १५० सेकंद, अडीच मिनिटे. हाका दहा सेकंदांनी मारल्या तर ३० अधिक ६०, म्हणजे दीड मिनिट. त्यासाठी जादा पैसे पडतात. अडीच मिनिटांत केंद्रावर एका शेतकऱ्याचे दूध मोजून होते. एवढा वेळ रांग कुरकुरत नाही, म्हणून आम्ही तीस सेकंदांवरच थांबलो. शेअर बाजाराला अडीच मिनिटे परवडणार नाहीत. ज्याने त्याने आपल्या रांगेकडे बघून आकडा ठरवावा.

आता तपासनीसांचे एकमत कसे होते? इथे एक चमत्कारिक आकडा आहे. ‘रूट ५३’च्या नियमाप्रमाणे १८ टक्क्यांपेक्षा जास्त तपासनीस ‘ठीक आहे’ म्हणाले तर सर्व्हर ठीक मानला जातो. म्हणजे पाचातल्या चौघांना तो दिसला नाही तरी एकाच्या शब्दावर विश्वास. हे उलटे वाटते. पण विचार करा, एखादे गाव दिसेनासे झाले तर गाव वाहून गेले असेल, किंवा माझ्याकडून जाणारा रस्ता बंद झाला असेल. दूरदेशीच्या पुष्कळ तपासनीसांचा रस्ता एकदम बंद होऊ शकतो. ज्याला गाव दिसते आहे तो मात्र खोटे बोलत नसतो.

हा फरक न केल्याने काय घडते ते साऱ्या जगाने ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री पाहिले. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम बंद पडले, ते जवळपास सहा तास. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. तिच्या डीएनएस सर्व्हरना एक नियम घालून दिलेला होता. डेटा सेंटरशी संपर्क होत नसेल तर स्वतःला आजारी समजा आणि इंटरनेटवरून आपला पत्ता मागे घ्या. एक-दोन सर्व्हर बिघडले असते तर हा नियम फार शहाणपणाचा होता. पण संपर्क सगळ्यांचाच तुटला होता. सगळ्यांनी एकाच वेळी स्वतःला आजारी ठरवले आणि सगळे एकदम अदृश्य झाले. ते सर्व्हर चालू होते. त्यांच्याकडे जाण्याचा पत्ताच जगात उरला नव्हता. कंपनीची आतली साधनेही त्याच डीएनएसवर अवलंबून होती, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांचीच वाट अडली. याउलट ‘रूट ५३’मध्ये मुख्य आणि राखीव दोघेही आजारी दिसले तर ती सेवा उत्तर द्यायचे थांबत नाही. मुख्य सर्व्हरचाच पत्ता देत राहते. काही तरी उत्तर द्यावे, न जाणो सर्व्हर जिवंत असेल, हा हिशेब.

पत्ता बदलला, पण ज्या दारी पाठवले तिथे सामान नसेल तर? फेलओव्हरचा खर्च खरा इथे येतो. मुंबईत लिहिलेली प्रत्येक नोंद हैदराबादेत सतत उतरत राहायला हवी. ती उतरायला क्षणभर उशीर होतोच. त्या क्षणातच मुंबई पडली तर शेवटच्या चार-दोन नोंदी तिकडे नसतात. आणि याहून वाईट म्हणजे मुंबई पडलीच नव्हती, काही गावांनाच तसे वाटले, अर्धी केंद्रे मुंबईत लिहीत आहेत आणि अर्धी हैदराबादेत, असे झाले तर हिशेबाच्या दोन वह्या तयार होतात. दहा दिवसांचे बिल कोणत्या वहीवरून काढायचे?

आमचा तोडगा असा आहे. प्रत्येक नोंदीला केंद्रावरच क्रमांक पडतो. केंद्र, तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि त्या पाळीतला अनुक्रम. पावतीची पोच आली नाही तर केंद्र तीच नोंद त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवते. एकच क्रमांक दोनदा आला तर तो एकदाच धरायचा. त्यामुळे दोन वह्या झाल्या तरी त्या एकीत मिसळता येतात. पत्ता बदलायचे काम यंत्रावर सोडले आहे, पण बिल काढायचे काम मुद्दाम सोडलेले नाही. हैदराबादचा सर्व्हर दूध लिहून घेतो, दर सांगतो, पावती देतो. पैसे वाटत नाही. मुंबईची वही कुठवर खरी आहे हे माणसाने पाहून सही केल्यावरच बिलाचे काम पुढे सरकते. शेतकरी पावतीसाठी दहा मिनिटे थांबत नाही, पण बिलासाठी एक दिवस थांबू शकतो. कोणते काम किती वेळ थांबू शकते हे ठरवल्याशिवाय कोणत्याही कंपनीकडून कोणतीही सेवा विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार मला कधी कधी विचारतात, त्यांनाही मी आधी हेच विचारतो.

राखीव जागा असून ती वापरली न गेल्याचे मोठे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला होता आणि त्यापाठोपाठ जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बंद पडली. बाजाराची राखीव यंत्रणा चेन्नईत होती. व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. दुपारी पावणेचारला बाजार पुन्हा सुरू झाला आणि त्या दिवशी तो पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात ‘ही आपत्ती आहे’ असे जाहीर करायचे आणि त्यानंतर पाऊण तासात राखीव जागेवरून काम सुरू करायचे. या नियमात यंत्राबद्दल नवे काही नाही. ‘आता हलायचे’ हे म्हणायला माणसे किती वेळ लावू शकतात, याला तो घातलेला बांध आहे.

एवढे करूनही सगळे भागत नाही. ज्या डीएनएसवर ही इमारत उभी, तीच बिघडली तर? २० ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या दुपारी, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात तेच झाले. तिथल्या एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेचे पत्ते आपोआप बदलणारे दोन प्रोग्राम एकमेकांच्या पायात आले. एकाने जुनी यादी लावली, दुसऱ्याने जुनी म्हणून ती पुसली, आणि नावापुढे एकही आकडा उरला नाही. जगभरातल्या कितीतरी सेवा तासन्तास अडखळल्या. आमच्या केंद्रांना त्याचा फटका बसला नाही, कारण आमचे सर्व्हर त्या केंद्रावर अवलंबून नव्हते. पण यंत्रावर यंत्र रचत गेलो तर सर्वांत वरचे यंत्रही पडू शकते, एवढे त्यातून दिसले.

आणि आपल्याकडचे रोजचे दुखणे तर याहून साधे आहे. वीज जाते, मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते, आणि मुंबई, हैदराबाद दोन्ही धडधाकट असून गावाला एकही दिसत नाही. त्याला डीएनएस काय करणार? म्हणून नव्या केंद्रांवर दोन कंपन्यांची सिमकार्डे आहेत. पाळी सुरू होतानाच त्या दिवसाचे दरपत्रक केंद्रातल्या संगणकावर उतरवून घेतले जाते. नेट गेले तर पावती तिथेच छापली जाते आणि नेट आल्यावर नोंदी वर जातात. जुन्या यंत्रांच्या केंद्रांत ही सोय अजून नाही, तिथे वहीच काढावी लागते.

शेवटी परतीच्या वाटेचे सांगतो, कारण ती सगळे विसरतात. मुंबईचा सर्व्हर दुरुस्त झाला आणि ‘सर्व ठीक’ म्हणू लागला की ‘रूट ५३’ आपण होऊन पत्ता परत मुंबईचा देऊ लागते. भर पाळीत हे होऊ नये. हैदराबादेत लिहिलेल्या नोंदी मुंबईत उतरल्या आहेत की नाहीत हे आधी पाहायला हवे. त्यासाठी आम्ही त्या पानावर एक कुलूप ठेवले आहे. मुंबई एकदा आजारी ठरली की दुरुस्त झाल्यावरही पान ‘सर्व ठीक’ म्हणत नाही, जोवर माणूस कुलूप काढत नाही. कुलूप काढायची वेळ ठरलेली आहे. सकाळचे टँकर गेल्यानंतर, संध्याकाळच्या पाळीच्या आत.

दर महिन्याला एकदा याच दुपारच्या वेळी आम्ही ते कुलूप मुद्दाम लावतो आणि घड्याळ घेऊन बसतो. खोट्या नोंदी पाठवायला काही केंद्रचालक थांबतात, त्यांना त्या दिवसाचा चहा आमच्याकडून. गेल्या खेपेला शिरूरच्या बाजूची केंद्रे तीन मिनिटांच्या आत हैदराबादवर आली. दौंड तालुक्यातल्या एका केंद्राला बारा मिनिटे लागली. शोध घेतला तेव्हा कळले, की तिथला राउटर साठ सेकंदांचा नियम न पाळता पत्ता स्वतःच धरून ठेवत होता. तो बदलला आहे. पुढच्या महिन्यात त्या केंद्रापासूनच सुरुवात करणार आहोत.